मांजराची झोकांडी : एका लक्षणाचा इतिहास

लिखित इतिहासात मांजर बहुधा उंदरांच्या मागोमाग येते. प्लेगच्या साथीत वऱ्हाडातील अमरावतीस असलेले भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ च्या सुमारास असे प्रतिपादन केले, की ज्या वस्तीत मांजरे पुष्कळ, तेथे प्लेगचा उपद्रव कमी. गलबतावरचे मांजर, कोठारातले मांजर, सरकारी कचेरीच्या दप्तरखान्यातले मांजर या सर्वांची नोंद झाली ती उपयोगामुळे. यावरून एक गोष्ट उघड होते. ज्या मांजराचा तोल जातो, ज्याची मान हलते, ज्याला उंदीर धरता येत नाही, त्याला या दप्तरात जागा नाही. असे असूनही वैद्यकाच्या इतिहासातील तीन महत्त्वाचे शोध अशाच मांजरांनी लावून दिले. हे शोध कसे लागले आणि त्यांत घरातल्या माणसांच्या निरीक्षणाचा व त्यांच्या भाषेचा वाटा कोणता, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘मांजर’ हा शब्द संस्कृत ‘मार्जार’ पासून आला व त्याच्या मुळाशी ‘मृज्’, म्हणजे स्वच्छ करणे, हा धातू आहे. सदा अंग चाटून साफ करणारा तो मार्जार. नामकरण करणाऱ्याने येथे प्राण्याची एक हालचालच टिपली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बिघडलेल्या हालचालीसाठीही मराठी गरीब नाही. पाय वेडेवाकडे पडून देह एका अंगास जातो ती झोकांडी. थकव्याने वा अशक्तपणाने पाय डगमगतात ती लटपट. अवयव आपोआप हलत राहतो ती थरथर किंवा कंप. अवयवातील बळ जाते तो लुळेपणा. शुद्ध हरपून अंग ताठते वा झटके देते ती आकडी. पशुवैद्यक ज्या पाच अवस्था वेगळ्या मानते त्या बोलभाषेने आधीच वेगळ्या ठेवल्या आहेत. झोकांडीचा संबंध बहुधा लहान मेंदूशी किंवा कानाच्या आतील तोलाच्या इंद्रियाशी असतो. लुळेपणाचा पाठीच्या रज्जूशी, मज्जातंतूंशी वा स्नायूंशी. आकडीचा मोठ्या मेंदूशी. मात्र याच भाषेत दुसराही एक शब्दवर्ग आहे. ‘वारे गेले’, ‘बाहेरचे लागले’, ‘वेड लागले’ हे शब्द लक्षण सांगत नाहीत, कारण सांगतात, आणि तेही तपासण्यापूर्वी. पहिल्या वर्गाने ज्ञान पुढे सरकते, दुसऱ्याने ते तेथेच थांबते. पुढील इतिहासात हा भेद पुन्हा पुन्हा आढळेल.

निरुपयोगी प्राण्याला जगू द्यावे, हा विचार मुंबई इलाख्यात संस्थारूपाने लवकर उभा राहिला. १८३२ मध्ये मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. तेथे प्रवेश मिळण्याची अट उपयुक्तता नव्हती. वार्धक्य, व्यंग आणि निराधारपणा हीच पात्रता होती. पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. दयेचा व विद्येचा हा शेजार केवळ योगायोगाचा मानू नये. पंगू जनावर जेथे जगविले जाते तेथेच त्याचा रोग पाहावयास मिळतो.

युरोपात याच सुमारास मांजर प्रयोगशाळेत शिरले. १८९४ मध्ये पॅरिस येथे एत्येन-झ्यूल मारे यांनी उलटे सोडलेले मांजर हवेतल्या हवेत वळून चार पायांवर कसे उतरते याची छायाचित्रमालिका प्रसिद्ध केली. कशाचाही आधार न घेता शरीराचे पुढील व मागील भाग निरनिराळे फिरवून ते वळते, हे त्यातून दिसले. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९८ मध्ये मोठा मेंदू वेगळा केलेल्या मांजराच्या पायांत येणाऱ्या ताठरपणाचे वर्णन केले. ग्रॅहॅम ब्राउन यांनी १९११ मध्ये असे दाखविले, की पाठीचा रज्जू मेंदूपासून तोडला तरी मागील पायांची चालण्याची लय त्या रज्जूतूनच उमटू शकते. माणसाच्या चालीविषयीचे आजचे पुष्कळसे ज्ञान या पायावर उभे आहे. त्याची किंमत कोणी दिली, हेही विसरता येत नाही. परंतु या प्रयोगांतील पंगुत्व माणसाने घडविलेले होते. आपल्याला प्रस्तुत आहे ते घरात आपोआप दिसलेले पंगुत्व.

त्याची एक जुनी नोंद १८८८ ची आहे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या वार्षिक वृत्तांतात हेरिंगहॅम व अँड्र्यूज यांनी झोकांड्या खात चालणाऱ्या दोन मांजरांच्या लहान मेंदूतील विकृतीचे वर्णन दिले. त्यानंतर पाऊणशे वर्षे हा दोष आनुवंशिक असावा असाच समज दृढ राहिला. १९६६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स किलहॅम आणि जॉर्ज मार्गोलिस यांनी त्याचे मूळ एका विषाणूत असल्याचे दाखविले आणि पुढील वर्षी तो विषाणू मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया या साथीच्या रोगाचाच असल्याचे निष्पन्न झाले. याची क्रिया समजण्यास सोपी आहे. हा विषाणू वेगाने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. गर्भारपणाच्या अखेरीस व जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिलाच्या लहान मेंदूतील पेशी झपाट्याने वाढत असतात. नेमक्या त्या वेळी भाटीला अथवा पिलाला संसर्ग झाला तर लहान मेंदूची वाढ खुंटते. पिलू चालू लागेपर्यंत काही कळत नाही. चालू लागले की पाय फाकतात, पाऊल गरजेपेक्षा उंच पडते, आणि वाटीकडे तोंड नेताना डोके थरथरते. महत्त्वाचे हे, की हा दोष वाढत जात नाही. त्याला वेदना नाहीत, बुद्धीला ढका नाही, आणि अशी मांजरे पूर्ण आयुष्य जगतात. ‘आनुवंशिक’ या शब्दाने जे दार बंद केले होते ते उघडल्यामुळेच भाटीला वेळीच लस देऊन हा दोष टाळता येतो, हे ज्ञान हाती आले. जिवंत विषाणूची लस मात्र गाभण असताना देत नाहीत, कारण तिच्यातला विषाणूही पिलाच्या लहान मेंदूस अपाय करू शकतो.

दुसरा शोध रत्नागिरीकरांना अधिक जवळचा वाटावा, कारण तो मासळीचा आहे. १९३२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या व्यावसायिकाने पाळलेल्या कोल्ह्यांना पक्षाघात होऊ लागला. त्यांच्या आहारात कच्ची मासळी होती. काही जातींच्या माशांत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, मोडून टाकणारे एक विकर असते हे पुढे उलगडले; आणि १९४४ मध्ये स्मिथ व प्राउट यांनी कच्च्या मासळीवर ठेवलेल्या मांजरांतही हीच अवस्था येते हे दाखविले. मांजर आधी खाणे सोडते, मग झोकांड्या देते, बुबुळे विस्फारतात, मान छातीकडे वाकते आणि शेवटी आकडी येते. वेळेवर थायमिन टोचल्यास बहुतेक मांजरे सावरतात. उशीर झाल्यास मेंदूची हानी कायम राहते. हे विकर हेरिंग, अँकोव्ही व कार्प यांच्या वर्गातील कित्येक माशांत आढळते. आपली तारली हेरिंगच्या कुळातली आणि मांदेली अँकोव्हीच्या. प्रत्येक जातीत ते असतेच असे नाही. पण शिजविल्याने विकर निकामी होते, एवढे सूत्र घराला पुरेसे आहे. मिरकरवाड्याच्या बंदरावर पडेल ती मासळी खाणाऱ्या मांजरापेक्षा घरात रोज एकाच जातीच्या कच्च्या मासळीवर लाडाने वाढविलेल्या मांजराला हा धोका अधिक, कारण बंदरावरच्या मांजराचा आहार निदान मिश्र असतो.

तिसरा प्रसंग जपानमधील मिनामाता या किनारी गावचा. १९५० नंतरच्या दशकात तेथील कोळ्यांच्या वाड्यांतील मांजरे गरगर फिरू लागली, उड्या मारू लागली, समुद्रात पडून मरू लागली. लोक त्याला ‘मांजरांचा नाचरोग’ म्हणू लागले. १९५४ च्या ऑगस्टमध्ये तेथील वृत्तपत्रात याची बातमी आली ती एका वाडीतील मांजरे जवळजवळ नाहीशी झाली असून उंदीर माजले आहेत, त्यांचा बंदोबस्त व्हावा, अशा स्वरूपात. मांजर येथेही उंदरांच्या मागूनच आले. १ मे १९५६ रोजी चिस्सो कंपनीच्या रुग्णालयाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांच्याकडून माणसांतील अज्ञात मज्जारोगाची वर्दी आरोग्यखात्यास गेली. १९५७ मध्ये स्थानिक आरोग्यकेंद्राच्या प्रमुखांनी बाहेरून आणलेल्या मांजरांना तेथील मासळी खाऊ घातली, आणि तीही तशीच झोकांडू लागली. १९५९ च्या जुलैत कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नातून देऊन एका मांजरावर प्रयोग केला. ‘मांजर क्रमांक ४००’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. ऑक्टोबरात त्याला रोगाची लक्षणे दिसली. कंपनीने हा निष्कर्ष दडपून ठेवला. शासनाने कारण अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ मध्ये; होसोकावांनी साक्ष दिली ती १९७० मध्ये, मृत्युशय्येवरून; आणि रुग्णांच्या बाजूने न्यायालयाचा निकाल लागला तो १९७३ मध्ये. पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार या गावाच्या नावाने २०१३ मध्ये झाला व भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला.

मांजरे मासळीवरच जगत आणि त्यांचा देह लहान, म्हणून माणसाच्या आधी त्यांच्यात विष प्रकटले. पाहणारे होते, पाहिलेले खरेही होते. पण त्याला नाव मिळाले ‘नाच’. नाचात कौतुक असते, वेडेपणाही असतो, रोग मात्र नसतो. तेच ‘मासळी खाणाऱ्या मांजरांची झोकांडी’ असे म्हटले गेले असते तर केवळ शब्दाने कारखाना बंद पडला नसता, हे खरे. तथापि चौकशीचे पहिले पाऊल मासळीकडे वळले असते.

यावरून घरात असे मांजर असणाऱ्याने काय करावे, हेही सुचते. प्रथम त्याची नोंद ठेवावी. दोष जन्मापासूनचा आहे की अचानक उद्भवला, वाढतो आहे की स्थिर आहे, आहार कोणता, घरात वा शेजारी दुसऱ्या जनावराला तसेच होते आहे काय? या चार प्रश्नांची उत्तरे पशुवैद्याला कोणत्याही तर्कापेक्षा अधिक उपयोगी पडतात. अचानक आलेली किंवा वाढत जाणारी झोकांडी असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. स्थिर दोष असेल तर मांजराऐवजी घर बदलावे. गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरावे म्हणजे नखांना धर मिळतो. खाण्याची वाटी जड व थोडी उंचावर असावी. मातीच्या पाटीची कड बुटकी असावी. आणि कोकणात विशेषेकरून विहिरीचा कठडा व पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या यांपासून त्याला दूर ठेवावे. वैष्णव तत्त्वज्ञानात मार्जारकिशोरन्याय म्हणून एक दृष्टान्त आहे: मांजरीचे पिलू स्वतः काहीच धरीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. सामान्य पिलाच्या बाबतीत ही अवस्था काही आठवड्यांची असते. अशा घरांत ती थोड्याफार अंशाने जन्मभराची होते आणि आईचे काम माणसाकडे येते.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक काम शिल्लक आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या तालुक्यांत, कोळीवाड्यांत, भंडारी, कुणबी व मुसलमान वस्त्यांत जनावरांच्या बिघडलेल्या हालचालींसाठी कोणते शब्द वापरतात, त्यांपैकी कोणते लक्षण सांगतात व कोणते कारण गृहीत धरतात, यांचे पद्धतशीर संकलन पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होऊ शकेल. मासळी विकणाऱ्या, जाळी विणणाऱ्या व दारात बसून मांजरांना घास टाकणाऱ्या स्त्रिया या संकलनात प्रमुख निवेदक असाव्यात. मिनामाता येथे रोग प्रथम दिसला तो अशाच दारांत.