चर्चच्या शाळेंतून जॅझ बँडपर्यंत

महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करावें, ही आपली जुनी रीत आहे. चर्चची इमारत कोणीं बांधविली, घंटा कोणीं अर्पण केली, हें आपण आदरानें सांगतों. परंतु मुलांस स्वर वाचावयास कोणीं शिकविलें, हें क्वचितच सांगितलें जातें. आपल्या पनवेलीहून दक्षिणेस निघणारा हमरस्ता ज्या गोव्यास पोहोंचतो, तेथील चर्चच्या शाळांनीं ह्या एका विद्येच्या बळावर केवढें कार्य केलें, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

अमेरिकेंत आज पुष्कळ हायस्कुलांचे स्वतःचे जॅझ बँड आहेत, व उत्तर टेक्सासांतील एका महाविद्यालयानें ह्या विषयाचा पदवी अभ्यासक्रम १९४७ सालींच सुरू केला. गोव्यांत असा अभ्यासक्रम नव्हता. होती ती पॅरिशची शाळा. पोर्तुगीज अमदानींत गांवोगांवच्या चर्चला जोडून अशा शाळा असत. तेथें 'मेस्त्रे' ह्या नांवानें ओळखले जाणारे शिक्षक धर्मशिक्षण व अक्षरओळख ह्यांबरोबर स्वरलिपीही शिकवीत. पांच रेघांवरील खूण दिसतांच 'दो, रे, मी' असा तिचा स्वर तोंडानें म्हणावयाचा व हातानें ताल मोजावयाचा. पुढें हातीं बहुधा व्हायोलिन येई. हेतु एवढाच कीं, लॅटिन मिस्सेच्या वेळीं गायकवृंदांत उणीव पडूं नये. जॅझचा विचार ह्या शिक्षकांच्या स्वप्नींही नव्हता.

परंतु कागदावरील अनोळखी संगीत पाहतांक्षणींच जो वाजवूं शके, त्यास मुंबईंत काम मिळे. धोबीतलावाच्या आसपास गोव्यांतील गांवांनीं आपापल्या 'कुडी', म्हणजे गांवकऱ्यांचीं सामायिक वसतिगृहें, चालविलीं होतीं. तेथें अल्प खर्चांत राहून हे तरुण हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत व बँडांत काम शोधीत. १९३५ सालीं लिऑन ॲबी ह्यांचा अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचा संच ताजमहाल हॉटेलांत आला. त्यामागून टेडी वेदरफोर्डसारखे वादक आले. स्वरवाचन ही जॅझची अर्धी विद्या होय. उरलेली अर्धी, म्हणजे वाजवितां वाजवितां नवे स्वर रचणें, ही ह्या तरुणांनीं अशा वादकांच्या सहवासांत व तबकड्या ऐकून मिळविली. बार्देशांतील हळदोणें गांवचे, १९१६ सालीं जन्मलेले व 'चिक चॉकलेट' ह्या नांवानें गाजलेले ट्रंपेटवादक त्यांतलेच. लोक त्यांस हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

हेच लोक पुढें बोलपटांत गेले. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल ऐकवीत. ती लिहून घेणें, प्रत्येक वाद्यास त्याचा भाग आंखून देणें व सुसंवादी स्वरांची जोड देणें, हें काम बहुशः गोव्याच्या वादकांकडे असे. चिक चॉकलेट हे आपल्या सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते; १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत त्यांचा बँड पडद्यावर दिसतो. लाहोरांत बँड चालविणारे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईस आले व शंकर-जयकिशन ह्यांच्या गाण्यांची वाद्यरचना करूं लागले. माजोर्डें गांवचे अँथनी गोन्साल्विस ह्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. अँथनी ह्यांनीं प्यारेलाल ह्यांस व्हायोलिन शिकविलें, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधील एका गाण्यांत शिष्यानें गुरूचें नांव घरोघरीं पोहोंचविलें.

तथापि हें भाग्य थोड्यांच्या वांट्यास आलें. चित्रपटाच्या नामावलींत वाद्यरचनाकारांचा उल्लेख बहुधा होत नसे. मग ज्यांनीं त्यांस प्रथम 'दो, रे, मी' म्हणावयास लाविलें, त्या गांवच्या शिक्षकांची आठवण कोण ठेवणार? पुढें विद्युत्‌वाद्यें आलीं व मोठे वाद्यवृंद ओसरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मातृभाषेंत होऊं लागली. सर्व समाजास प्रार्थना कळूं लागली, ही मोठीच जोड झाली. परंतु लॅटिन गायनासाठीं जें कष्टाचें स्वरवाचन लागे, त्याची निकड कमी झाली.

जॅझ बँड काढावा, असें आमचें म्हणणें नाहीं. मुलाच्या हातीं कोणती विद्या द्यावी, हें ठरवितांना तिचा उपयोग आजच दिसावा असा आग्रह धरूं नये, इतकेंच आम्ही ह्या इतिहासावरून शिकतों. त्या शिक्षकांनीं रविवारच्या मिस्सेसाठीं शिकविलें, आणि त्यावर शेंकडों कुटुंबांचा चरितार्थ चालला. म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षीं दोन गोष्टी घडाव्या. आपल्या गायकवृंदास ज्यांनीं ज्यांनीं शिकविलें, त्यांचीं नांवें वडीलधाऱ्यांस विचारून चर्चच्या वहींत लिहून ठेवावीं. आणि धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर तासभर तरी मुलांस स्वरलिपी शिकवावी. त्यांतून पुढें काय निपजेल, हें त्या जुन्या शिक्षकांप्रमाणें आपणांसही आज सांगतां येणार नाहीं. शिकविणें मात्र आपल्या हातीं आहे.