भूतकथेतली ती बाई

बोरीहून आम्ही बोलतोय. वडाखालची हडळ, विहिरीवरची जखीण, पिंपळावरचा मुंजा, या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकल्यात. आज भूतकथेतल्या एका वेगळ्या बाईविषयी बोलू. जिचा जीव दुसऱ्या बाईवर जडला, त्या बाईविषयी. इंग्रजीत तिला लेस्बियन म्हणतात, आपण समलिंगी म्हणू.

ललिता पवार म्हटलं की आपल्याला खाष्ट सासू आठवते. पण १९६४ च्या ‘कोहरा’ या हिंदी चित्रपटात त्यांनी मोठ्या हवेलीतली दाईमाँ केली होती. घरात नवी सून येते, वहिदा रेहमान. दाईमाँचं मन मात्र मेलेल्या पहिल्या मालकिणीपासून हलत नाही. हा चित्रपट दाफ्नी द्यू मोरिए या इंग्रज लेखिकेच्या ‘रेबेका’ या १९३८ च्या कादंबरीवर बेतलेला. तिथली मिसेस डॅनव्हर्स मेलेल्या मालकिणीची खोली आणि कपडे होते तसे जपून ठेवते. ही नुसती चाकरीची निष्ठा नाही, बाईची बाईवरची ओढ आहे, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. कादंबरी मात्र त्या ओढीला नाव देत नाही. शेवटी वाडा जळून जातो.

जुने वाडे, गढ्या, भय आणि गुपितं असलेल्या अशा कथांना गॉथिक म्हणतात. त्यातली एक फार जुनी, आयर्लंडच्या शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’. ती १८७१-७२ मध्ये मासिकातून छापून आली. ऑस्ट्रियातल्या एकाकी गढीत लॉरा वडिलांसोबत राहते. बाहेर एक बग्गी उलटते आणि त्यातली कार्मिला पाहुणी म्हणून घरात राहते. ती लॉराला जवळ घेते, प्रेमाचं बोलते. पुढं कळतं की ही रक्त पिणारी पिशाच्च आहे. मग पुरुषमंडळी कबर उघडतात, तिच्या छातीत खुंटा ठोकतात, मुंडकं उडवतात. प्रसिद्ध ‘ड्रॅक्युला’ त्यानंतर २५ वर्षांनी, १८९७ मध्ये आली.

असं का लिहिलं असेल? त्या काळी बाईचं बाईवरचं प्रेम उघड लिहिणं अवघड होतं. पिशाच्चाच्या तोंडी मात्र काहीही घालता येतं. शेवटी पिशाच्च मारलं, की घर ‘शुद्ध’ झालं. गंमत बघा, लॉराला मात्र पुढंही कार्मिलाच्या पावलांचा भास होत राहतो.

मराठीत विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी सुमित्रा, म्हणजे मित्रा, उभी केली. इथं गढी नाही, भूत नाही. कॉलेजातली पोरगी, तिचा जीव नमा नावाच्या मुलीवर जडतो. तरी शेवट जुनाच, मित्रा जीव देते. आणि तिची गोष्ट सांगतो कोण? तिचा मित्र, बापू. पुढं दीपा मेहतांच्या ‘फायर’मध्ये दोघी जिवंत राहिल्या, तर डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत थिएटरांची तोडफोड झाली.

हे सगळं आपल्या दाराशी कसं येतं, तेही सांगतो. एखादी पोरगी लग्नाला नाही म्हणते, मैत्रिणीसाठी झुरते. घरचे म्हणतात, हिला बाहेरचं लागलंय. मग भगत, उतारा, मिरचीची धुरी. कथेत खुंटा, इथं धुरी, एवढाच फरक. भूत काढायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं समलिंगी नातं हा गुन्हा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितलं. हा आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच तो आजारांच्या यादीतून काढला.

म्हणून बायांनो, घरातली पोरगी गप्प गप्प असली तर भगताकडं जाऊ नका. तिच्याजवळ बसा, तिला बोलतं करा. दीडशे वर्षं या बाईची गोष्ट बहुतेक दुसऱ्यांनीच सांगितली. आपल्या घरात तरी तिची तिला सांगू द्या.

येतो आम्ही. नमस्कार.