कर्त्याची तबकडी आणि संहितेचा अधिकार

कलाकृतीच्या अर्थनिर्णयनात कर्त्याच्या हेतूला कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न साहित्यसमीक्षेने प्रामुख्याने मुद्रित संहितेच्या संदर्भात चर्चिला आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीतात त्याला आणखी एक पदर असतो. तेथे लिहिलेली संहिता आणि ऐकू येणारी कृती यांच्यामध्ये वादक उभा असतो. कर्ताच सादरकर्त्याच्या जागी आला, तर हे अंतर मिटते काय? इगोर स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘ल साक्र द्यु प्रँताँ’ अर्थात ‘वसंताचा विधी’ या बॅलेच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो.

२९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये या बॅलेचा पहिला प्रयोग प्रेक्षकांच्या गदारोळात पार पडला. नृत्यरचना निजिन्स्कीची, नेपथ्य व वेषभूषा रोरिकची आणि वाद्यवृंदाचे संचालन पिएर मोंतचे होते. निजिन्स्कीची नृत्यरचना मोजक्या प्रयोगांनंतर रंगभूमीवरून नाहीशी झाली. १९२०च्या पुनःप्रयोगासाठी मासीनने नवी रचना केली. संगीत मात्र एप्रिल १९१४मध्येच, मोंतच्याच संचालनाखाली, नृत्यावाचून मैफलीत यशस्वी झाले होते. देहाच्या हालचालींसाठी रचलेली कृती अशा रीतीने निव्वळ श्राव्य कृती होऊ लागली. ध्वनिमुद्रणाने या विच्छेदावर शिक्कामोर्तब केले.

१९२५च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण प्रचारात आले आणि एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाचा नाद तबकडीवर उतरवणे शक्य झाले. १९२९मध्ये एकाच पॅरिस शहरात ‘वसंताचा विधी’ दोनदा ध्वनिमुद्रित झाला. वर्षारंभी मोंतने आणि मे महिन्यात स्वतः स्ट्राव्हिन्स्कीने तो मुद्रित केला. मोंतकडे पहिल्या प्रयोगाची स्मृती होती, तर स्ट्राव्हिन्स्कीकडे कर्तृत्वाचा अधिकार होता. परंतु संचालक म्हणून तो अद्याप नवखा होता. ही रचना त्याने प्रथम संचालित केली ती १९२६मध्ये. त्याच्या मुद्रिकेतील अखेरच्या बलिनृत्यात, क्षणोक्षणी बदलणाऱ्या मात्रांच्या गुंत्यात वादकांची होणारी ओढाताण स्पष्ट ऐकू येते.

१९३५मध्ये प्रकाशित होऊ लागलेल्या आत्मचरित्रात स्ट्राव्हिन्स्कीने आपल्या मुद्रिकांना सर्व सादरकर्त्यांसाठी मार्गदर्शक दस्तऐवजाचे मोल दिले. सादरकर्त्याने अर्थ लावू नये, संहितेची अंमलबजावणी करावी, ही त्याची भूमिका होती. १९२१मध्ये याच रचनेच्या यांत्रिक पियानोसाठी त्याने तयार केलेल्या सच्छिद्र कागदी गुंडाळ्यांमागेही मानवी मध्यस्थ वगळण्याची ही ओढ दिसते. तबकडीने मात्र तो मध्यस्थ वगळला नाही, उलट त्याला कायम केले. त्या वेळच्या फ्रेंच घडणीच्या बसूनचा, आज विरळ झालेला, किंचित अनुनासिक स्वर आणि वादकांची अडखळ या साऱ्यांनी कर्त्याच्या ‘हेतू’त आपली भर घातली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटांचे संगीत मावे. त्यामुळे सुमारे तेहतीस मिनिटांची ही अखंड रचना तुकड्या-तुकड्यांनीच ऐकावी लागे.

कर्त्याचा पुढील व्यवहारही या दस्तऐवजाच्या विरोधात साक्ष देतो. स्ट्राव्हिन्स्कीने हीच रचना १९४०मध्ये न्यूयॉर्कला आणि १९६०मध्ये पुन्हा मुद्रित केली. या तिन्ही मुद्रिकांतील लयी परस्परांशी जुळत नाहीत. दरम्यान १९२१मध्ये छापली गेलेली स्वरलिपीही स्थिर राहिली नाही. बलिनृत्याचा भाग त्याने १९४३मध्ये नव्याने लिहिला. म्हणजे ज्या संहितेशी निष्ठा राखावयाची, ती बदलती आणि ज्याच्या साक्षीने निष्ठा पारखावयाची, त्याची साक्षही बदलती.

तथापि कर्त्याची साक्ष बाद ठरवावी, असा याचा अर्थ नव्हे. १९२९ची मुद्रिका नसती तर ही कृती निर्विकार, यंत्रवत् अचूकतेनेच वाजवावी असा तिचा एकमेव पाठ स्वाभाविक वाटू लागला असता. पुढील काळात वाद्यवृंदांना जी सफाई सहजसाध्य झाली, तिच्या मुळाशी किती कष्ट आणि किती जोखीम होती, हे या जुन्या तबकड्या सांगतात. कर्त्याची तबकडी संहितेचा अंतिम अर्थ नव्हे; ती तिचा एक आरंभीचा, प्रयत्नसाध्य आणि म्हणूनच मोलाचा पाठ आहे. तिचा अधिकार ऐतिहासिक आहे, निर्णायक नाही.