एकोणचाळीस जागा आणि सात मते

दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी १९३१ मध्ये गांधीजी लंडनला गेले आणि बड्या हॉटेलात न उतरता शहराच्या पूर्व भागातील किंग्जली हॉल या सेवाकेंद्रात राहिले, ही हकीकत आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ती वस्ती कोणती होती आणि तिचा स्वतःचा इतिहास काय होता, याविषयी आपली चरित्रे फारसे बोलत नाहीत. किंग्जली हॉल ज्या बो भागात आहे, तो त्या काळी पॉप्लर या बरोचा एक भाग होता. बरो म्हणजे लंडन महानगराच्या पोटातील एक स्वतंत्र नगरपालिकाच म्हणावी. तिचे कौन्सिल निवडून आलेले, तिची घरपट्टी वेगळी. गांधीजींच्या यजमान म्यूरिएल लेस्टर स्वतः १९२० च्या दशकात या पॉप्लरच्या कौन्सिलवर होत्या. त्यांच्याआधी त्या सभागृहात बसलेल्यांपैकी तीस जण तुरुंगात जाऊन आले होते, आणि तेही गरिबांच्या घरपट्टीच्या प्रश्नावर.

स्थानिक निवडणुकांचे निकाल हा इतिहासकारांना दुय्यम वाटणारा विषय. पक्षनिहाय आकड्यांचा तक्ता छापून झाला की त्याचे काम संपते. पण एकाच भूमीवरचे दोन निकाल, मध्ये चौऱ्याहत्तर वर्षांचे अंतर ठेवून, शेजारी मांडून पाहिले तर त्या तक्त्यांतून काही वेगळेच दिसू लागते.

पहिला निकाल १ नोव्हेंबर १९१९ चा. महायुद्ध संपून जेमतेम एक वर्ष झाले होते. पॉप्लरच्या बेचाळीस जागांपैकी एकोणचाळीस मजूर पक्षाने जिंकल्या. निवडून आलेल्यांत गोदीकामगार होते, रेल्वेतले होते, टपाल खात्यातले होते. जॉर्ज लान्सबरी महापौर झाले. या यशामागे १९१८ चा मताधिकाराचा कायदा होता. तोवर ज्याने गरिबांसाठीच्या सार्वजनिक निधीतून मदत घेतली, त्याचे नाव मतदारयादीतून गळत असे. मुलांच्या तोंडी घास घालण्यासाठी हात पसरला, की नागरिक म्हणून माणूस संपला, असा तो न्याय. या कायद्याने ती अट काढून टाकली आणि स्त्रियांनाही, वयाची व इतर बंधने राखून, मतदानाची कवाडे उघडली. ज्यांना काल मोजलेच जात नव्हते ते मतपेटीपाशी आले, एवढाच त्या एकोणचाळीस जागांचा अर्थ.

नव्या कौन्सिलने आपल्या कामगारांना, स्त्री असो वा पुरुष, आठवड्याला किमान चार पौंड वेतन ठरवले. माता-बालकांच्या आरोग्याची व्यवस्था वाढवली, गरजू बाळांना दूध पुरवले. मग १९२० च्या अखेरीस मंदी आली, गोद्यांवरचे काम आटले आणि बेकारांची रांग वाढली. त्या काळी गरिबांना द्यायची मदत त्या त्या भागानेच आपल्या घरपट्टीतून उभी करायची, असा नियम होता. याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. घरपट्टी मालमत्तेच्या मूल्यावर ठरते. वेस्टमिन्स्टरसारख्या श्रीमंत बरोत पौंडामागे एक पेनी कर वाढवला, की तीस हजार पौंडांच्या आसपास रक्कम गोळा होई. पॉप्लरमध्ये तेवढीच पेनी वाढवून हाती येत असे साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे जिथे बेकार सर्वाधिक, तिथेच पैसा सर्वात कमी. आणि गरिबांना जगवायचे तेही गरिबांच्याच खिशातून. गोदीत उतरणाऱ्या मालावर श्रीमंत झालेले व्यापारी राहत होते दुसऱ्या भागात, आणि त्यांच्या घरपट्टीला या बेकारांची झळ लागत नव्हती.

पॉप्लरने काढलेला उपाय हिशेबी डोक्याचा होता. लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि रुग्णालयांचे मंडळ या महानगरीय संस्थांसाठी प्रत्येक बरोने आपल्या घरपट्टीत भर घालून पैसे वसूल करून द्यायचे असत. मार्च १९२१ मध्ये कौन्सिलने ठराव केला: हा भाग आम्ही वसूलच करणार नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २९ जुलैला नगरसेवक न्यायालयाकडे निघाले ते मिरवणुकीने, पुढे कौन्सिलचा चोपदार दंड घेऊन, बँड वाजत, मागे हजारो रहिवासी. फलकावर लिहिले होते की पॉप्लरचे कौन्सिल उच्च न्यायालयाकडे आणि कदाचित तुरुंगाकडे निघाले आहे. सप्टेंबरच्या आरंभी अटका झाल्या. पंचवीस पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, पाच स्त्रिया हॉलोवेत. त्यांपैकी नेली क्रेसॉल गरोदर होत्या. सरकारलाच त्यांना आत ठेवणे अवघड झाले आणि त्या इतरांच्या आधी सुटल्या. कौन्सिलचे काम मात्र थांबले नाही. ब्रिक्स्टनमध्येच बैठका भरू लागल्या आणि त्यांसाठी स्त्री-सदस्यांना हॉलोवेतून आणावे लागे. सत्याग्रहाची परंपरा सांगणाऱ्या आपल्या वाचकांना हे दृश्य परके वाटणार नाही.

शेजारच्या स्टेप्नी आणि बेथनल ग्रीन या बरोंनी पॉप्लरच्या वाटेने जाण्याचा ठराव केला, तेव्हा सरकारला वाटाघाटी कराव्या लागल्या. १२ ऑक्टोबरला सुटका झाली, आणि लगेच झालेल्या कायद्याने गरीब-मदतीचा मोठा भार साऱ्या लंडनवर वाटला गेला. विजयाची किंमतही मोजावी लागली. तुरुंगात गेलेल्यांपैकी मिनी लान्सबरी, जॉर्ज लान्सबरींची सून, १ जानेवारी १९२२ रोजी न्युमोनियाने वारली, वय बत्तीस. मजूर पक्षातच दुफळी होती. हॅकनीचे महापौर हर्बर्ट मॉरिसन यांना कायदा मोडण्याचा हा मार्ग मुळीच मान्य नव्हता. यामुळे मध्यमवर्गीय मतदार बिथरेल, असे त्यांचे म्हणणे. पण १९२२ च्या निवडणुकीत मॉरिसन यांच्याच हॅकनीतून पक्षाची सत्ता गेली आणि पॉप्लरमध्ये ती टिकली. पुढे मॉरिसन यांचा प्रशासक म्हणून मोठा लौकिक झाला, तो रास्तही होता. पण त्या वर्षीचा निकाल त्यांच्या बाजूने बोलत नाही.

चार पौंडांच्या वेतनाचे मात्र न्यायालयात काही चालले नाही. लेखापरीक्षकाने त्यातली जादा रक्कम नगरसेवकांकडूनच वसूल करण्याचा आदेश काढला, आणि १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो उचलून धरला. समाजवादी परोपकाराच्या विक्षिप्त कल्पना आणि स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याची स्त्रीवादी हौस यांच्या आहारी कौन्सिलने जाऊ नये, अशा आशयाचे लॉर्ड ॲटकिन्सन यांचे उद्गार कायद्याचे विद्यार्थी अजूनही वाचतात, बहुधा थोडे हसत.

१९६५ मध्ये पॉप्लर, स्टेप्नी आणि बेथनल ग्रीन एकत्र करून टॉवर हॅम्लेट्स हा नवा बरो झाला. पॉप्लरच्या दक्षिणेला टेम्स नदी वळसा घेते. त्या वळशात आइल ऑफ डॉग्ज नावाचा भूभाग अडकला आहे. तिथल्या गोद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या एकच समाज जगत आला होता. शाळा, बस, दुकाने यांबाबत होणाऱ्या उपेक्षेला कंटाळून मार्च १९७० मध्ये या लोकांनी रस्ते अडवले आणि आपले बेट स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून ते छापले. त्यात गंमत फारशी नव्हती. दहा वर्षांत तिथल्या उरलेल्या गोद्याही बंद झाल्या. १९८१ मध्ये सरकारने विकासासाठी स्वतंत्र महामंडळ नेमले आणि जमिनीचे नियोजन निवडून आलेल्या कौन्सिलच्या हातून काढून घेतले. काचेचे मनोरे उभे राहिले. १९८० च्या कायद्याने कौन्सिलची घरे भाडेकरूंना विकत घेता येऊ लागली होती. विकलेल्यांच्या जागी नवी घरे फारशी बांधली जात नव्हती.

याच काळात स्पिटलफील्ड्सच्या बाजूने सिल्हेटहून आलेली बंगाली कुटुंबे स्थिरावत होती. ४ मे १९७८ रोजी, स्थानिक निवडणुकीच्या मतदानाच्याच संध्याकाळी, अल्ताब अली हा तरुण शिवणकामगार कामावरून घरी परतताना वर्णद्वेषी हल्ल्यात मारला गेला. दहा दिवसांनी सुमारे सात हजार लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. १९२१ च्या मिरवणुकीशी या मिरवणुकीचे नाते कोणी त्या वेळी जोडले की नाही, सांगता येत नाही. दोन्हींचा रोख मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे, गरिबांच्या वस्तीतून सत्तेच्या दाराकडे होता.

१९८६ मध्ये कौन्सिलची सत्ता लिबरलांकडे गेली. बांगलादेशातले घर सोडून आलेले कुटुंब हेतुपुरस्सर बेघर झाले आहे, म्हणून त्याला निवारा देण्याचे बंधन आमच्यावर नाही, असा युक्तिवाद या काळात कौन्सिलने केला. बरोच्या काही भागांत जुन्या भाडेकरूंच्या मुलामुलींना घरवाटपात अग्रक्रम देण्याची योजना आली. कागदावर ती कोणाच्याच विरुद्ध नव्हती. जुने भाडेकरू बहुतेक गोरे होते, एवढेच. पुढे लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या स्वतःच्याच चौकशीत तिथल्या काही प्रचारपत्रकांवर वर्णद्वेषाला खतपाणी घातल्याचा ठपका आला.

आता दुसरा निकाल. १६ सप्टेंबर १९९३, आइल ऑफ डॉग्जमधील मिलवॉल वॉर्डाची पोटनिवडणूक. गोऱ्यांच्या हक्कांची भाषा बोलणाऱ्या ब्रिटिश नॅशनल पार्टीचा डेरेक बीकन याला १,४८० मते पडली, मजूर उमेदवाराला १,४७३. सात मतांनी या पक्षाचा इंग्लंडमधला पहिला नगरसेवक निवडून आला. देशभर धक्का बसला. वर्तमानपत्रांनी पूर्व लंडनच्या माणसांना अडाणी आणि हिंस्र ठरवून आपली जबाबदारी उरकली.

मला हे स्पष्टीकरण पटत नाही. बीकनला मत देणाऱ्यांच्या द्वेषाला माफी नाही. ज्यांच्या खिडक्या फुटत होत्या त्यांना त्या द्वेषाची कारणमीमांसा ऐकून काय दिलासा मिळणार? पण १,४८० माणसे एका रात्रीत बदलत नाहीत. त्यांतल्या अनेकांचे आजोबा १९१९ च्या एकोणचाळीस जागांना मत देऊन आले असणार. त्या वेळी कौन्सिलने गरिबांची रांग लावली आणि ती रांग घेऊन वेस्टमिन्स्टरकडे बोट दाखवले: पैसा तिकडे आहे. सत्तर वर्षांनंतर कौन्सिलच्या हाती कर वाढवण्याची मोकळीक राहिली नव्हती, जमीन राहिली नव्हती, घरेही संपत आली होती. उरले होते ते रांगेत कोणाला आधी उभे करायचे हे ठरवण्याचे काम. आणि बेटावरचे मनोरे? त्यांच्याकडे बोट दाखवणारे कोणी निवडणुकीला उभेच नव्हते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण तो आवाज सात मतांनी कमी पडला.

१९२१ च्या लढ्याचे भित्तिचित्र पॉप्लरच्या हेल स्ट्रीटवर १९९० मध्ये रंगवले गेले होते. म्हणजे या पोटनिवडणुकीच्या वेळी त्याचे रंग पुरते ताजे होते.

मे १९९४ मध्ये सर्व जागांसाठी पुन्हा मतदान झाले. चर्चमधली, मशिदीतली, कामगार संघटनांतली माणसे महिनोन्‌महिने दारोदार फिरली होती, पूर्वी कधी मतदानाला न गेलेली बंगाली कुटुंबे या वेळी रांगेत उभी राहिली. बीकनला आधीपेक्षा जास्त, दोन हजारांहून अधिक मते पडली, आणि तरीही तो हरला. मिलवॉलच्या तिन्ही जागा मजूर पक्षाकडे गेल्या, कौन्सिलही त्यांच्याकडे गेले. २०१४ च्या फेररचनेत मिलवॉल या नावाचा वॉर्डच नाहीसा झाला. त्या भागातल्या एका नव्या वॉर्डाला मनोऱ्यांचे नाव मिळाले, कॅनरी व्हार्फ.