सेटअप ईमेलनं पाठवायचे दिवस

पुण्यात हिशेबाचं सॉफ्टवेअर विकायचो तेव्हा सेटअप फ्लॉप्यांवर द्यायचो. एका फ्लॉपीत मावणार १.४४ एमबी. सांगलीच्या गिऱ्हाइकाला हा गठ्ठा एसटीच्या पार्सलनं जाई. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं आणि ईमेलची सोय झाली. पण ईमेलची वाट मुळात फक्त अक्षरांसाठी होती. बर्कलीत १९८० साली मेरी ॲन हॉर्टन यांनी यूयूएनकोड लिहून तोड काढली: दर तीन बाइटांची चार अक्षरं करायची. १९९२च्या माइम मानकातली बेस६४ पद्धत तेच करते. त्यामुळे फाइल एक तृतीयांशानं फुगे. डायल-अपवर ते चांगलंच जाचे, मग आम्ही झिपचे तुकडे पाडून पाठवायचो.

मे २०००मध्ये ‘आय लव्ह यू’ विषाणू ईमेलमधून जगभर पसरला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं आउटलुकमध्ये सेटअपसारख्या ईएक्सई फायली अडवायची सोय आणली. सेटअपचं एक्स्टेंशन बदलून पाठवायची युक्ती काही काळ चालली. पुढे जीमेल झिपच्या आतली ईएक्सईही ओळखू लागलं. आता गिऱ्हाइकाला डाउनलोडची लिंक जाते. मला ही बंदी रास्त वाटते. तो विषाणू ओळखीच्याच पत्त्यावरून येई. पाठवणारा माहीतला असला म्हणून फाइल भरवशाची ठरत नाही.