सिटीकॉर्पचे बोल्ट

आपल्याकडे सर्व्हर झोपला की पहिला प्रश्न: सिंगल पॉईंट ऑफ फेल्युअर कुठे होता? पोलादी इमारतींनाही हाच प्रश्न विचारता येतो. खांब-तुळयांच्या सांगाड्यात तिरके ब्रेसेस घालतात ते मुख्यतः वाऱ्यासाठी. पण एखादा खांब गेलाच, तर वरचं वजन ते शेजारच्या खांबांकडे वळवू शकतात आणि एका जागची मोडतोड अख्खी इमारत खाली आणत नाही. अर्थात, सांधे तेवढे दणकट हवेत!

न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प सेंटरमध्ये (१९७७, ५९ मजले) गोष्ट उलटी होती. प्लॉटच्या कोपऱ्यात चर्च, म्हणून इंजिनिअर विल्यम लमेझरने चार मुख्य खांब कोपऱ्यांऐवजी बाजूंच्या मध्यावर उभे केले. कोपऱ्यांकडचं वजन तिथवर आणायला आठ-आठ मजली 'व्ही' आकाराचे ब्रेसेस. म्हणजे ब्रेस हा बायपास नाहीच, तोच हायवे.

१९७८ मध्ये लमेझरला कळलं, की ब्रेसचे सांधे वेल्ड न करता बोल्टने जोडलेत. त्याच्याच ऑफिसने मंजुरी दिली होती. मग त्याने तिरक्या वाऱ्याचा हिशोब मांडला. ब्रेसवरचा ताण ४० टक्क्यांनी जास्त. फार नाही वाटत ना? पण गंमत अशी, की वाऱ्याच्या ताणातून इमारतीच्या वजनाचा दाब वजा होतो आणि उरलेलं बोल्टवर येतं. समजा ताण १०० आणि दाब ७५, तर बोल्टवर २५. ताण १४० झाला की बोल्टवर ६५. थेट १६० टक्के वाढ! सगळ्यात कच्चा सांधा तिसाव्या मजल्यावर होता. तो तुटला तर वजनाला दुसरी वाटच नव्हती.

मग रात्री-रात्री वेल्डर कामाला लागले. दोनशेहून जास्त सांध्यांवर दोन इंच जाडीच्या पोलादी पट्ट्या चढल्या. सप्टेंबरमध्ये एला वादळ आलं, पण समुद्राकडे वळलं. शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्रांचा तेव्हा संप होता, त्यामुळे बोभाटाही झाला नाही. (२०१९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी पुन्हा गणित केलं, तर तिरका वारा समोरच्या वाऱ्यापेक्षा घातक निघालाच नाही. असो.)

लमेझरला बरेच जण हीरो मानतात. चूक कबूल केली, हे मलाही मान्य. पण आजूबाजूला राहणाऱ्यांना हे सगळं समजलं १९९५ मध्ये, मासिकातल्या एका लेखातून. हे काही मला पटत नाही.