आनापानसती : वेसालीपासून विसुद्धिमग्गापर्यंत

आनापानसती म्हणजे श्वासाकडे लक्ष देऊन मन शांत करण्याचा एक सोपा उपाय, असा समज सर्वत्र रूढ आहे. पाली वाङ्मयातील तिचा इतिहास पाहता हा समज अपुरा असल्याचे आमच्या ध्यानी येते.

संयुत्तनिकायात आणि विनयपिटकातील तिसऱ्या पाराजिकाच्या निदानकथेत एकच प्रसंग आलेला आहे. वेसालीच्या महावनातील कूटागारशाळेत भगवान बुद्धांनी भिक्खूंना अशुभ भावनेचे महत्त्व सांगितले व ते स्वतः पंधरा दिवस एकांतात राहिले. त्या काळात अनेक भिक्खूंना स्वतःच्या देहाची इतकी किळस आली की त्यांनी जीवनाचाच त्याग केला. एकांतवास संपताच संघ विरळ झालेला पाहून भगवंतांनी कारण विचारले. आनंदाने ते निवेदन करून दुसरा मार्ग सांगण्याची विनंती केली. त्या वेळी उपदेशिली गेली ती आनापानसती. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात उडालेली धूळ अवकाळी पावसाने जशी तत्काळ खाली बसते, तसे अकुशल विचार या भावनेने शमतात, हा दृष्टान्त तेथेच येतो. साधनेचे मोल तिच्या उग्रतेवरून ठरत नाही, हा या प्रसंगाचा बोध होय.

तथापि शमन हेच अंतिम साध्य नव्हे. मज्झिमनिकायातील ११८ व्या सुत्तात या भावनेच्या १६ पायऱ्या सांगितल्या असून त्या काया, वेदना, चित्त व धम्म या चार सतिपट्ठानांशी जोडल्या आहेत. श्वास दीर्घ की ऱ्हस्व हे जाणण्यापासून आरंभ होतो. पुढे चित्त प्रमुदित, समाहित व विमुक्त करण्याचा अभ्यास येतो आणि शेवटी अनित्यता, विराग, निरोध व त्याग यांचे दर्शन घडते.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात नवसाधकासाठी श्वासगणना सांगितली. गणना ५ च्या आत थांबवू नये, १० च्या पुढे नेऊ नये. कारण अपुऱ्या गणनेत चित्त कोंडल्यासारखे तळमळते आणि लांबलेल्या गणनेत ते श्वास सोडून आकड्यांनाच धरते. चित्त स्थिरावले की गणनाही सोडावयाची. धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेला हा ग्रंथ १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने देवनागरीत प्रसिद्ध केला.

आधी धूळ बसावी, मग स्वच्छ दिसावे, असा हा क्रम आहे. धूळ बसताच थांबणाऱ्या साधकाने मार्गाचा आरंभच तेवढा पाहिला, असे आम्हांस वाटते.